कोकण किनारा आणि चाकांवरचे घर : हौसेआधी हिशेब

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी मंडळींत एका नव्या गोष्टीची चर्चा ऐकू येते. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम अशी सगळी सोय असलेली मोटार, म्हणजे मोटारहोम किंवा कॅरव्हान, भाड्याने घ्यायची आणि कुटुंबासह समुद्रकिनाऱ्याने फिरून यायचे. काही तरुण तर एक पाऊल पुढे जाऊन वडिलांना सांगतात की दुकानात आणखी माल भरण्याऐवजी अशी एक गाडीच विकत घ्यावी आणि ती भाड्याने फिरवावी. हौस वाईट नाही आणि धंद्याचा विचारही वाईट नाही. पण कापडाचा ताका घेताना आपण अर्ज मोजतो, पोत पाहतो, पाण्यात आटेल किती याचा अंदाज घेतो. तीच नजर या गाडीवरही टाकली पाहिजे.

या लेखात दोन गोष्टींचा विचार करायचा आहे. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, कोकण किनाऱ्याचा असा प्रवास कसा आखावा, ही पहिली गोष्ट. त्यात पैसा घालावा की नाही, ही दुसरी. पहिलीचे उत्तर नीट मिळाले की दुसरीचे आपोआप मिळते.

रस्ता कोणता?

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा जो रस्ता आहे, त्याला सागरी महामार्ग म्हणतात. या कल्पनेमागे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव घेतले जाते. ते रायगडातल्या आंबेतचे. १९८० ते १९८२ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि त्याच दिवशी आपला शेजारी जालना जिल्हाही. कोकणाला किनाऱ्याचा सलग रस्ता मिळाला तर बंदरे, बागा आणि मासळीचा बाजार एकमेकांना जोडला जाईल, असा त्यामागचा विचार होता.

हा रस्ता आजही पूर्ण सलग नाही, आणि प्रवास आखताना हीच बाब सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या कोकणात रुंद खाड्या होऊन समुद्राला मिळतात. जिथे पूल आहे तिथे गाडी सरळ जाते. जिथे नाही तिथे गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशी ही चार ठिकाणे आहेत. दाभोळची फेरी २००३ पासून चालू आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजना हाती घेतली आहे. ते पूल पुरे होतील तेव्हा प्रवासाचा नकाशाच बदलेल. तोवर फेरीचा हिशेब केल्याशिवाय निघू नये.

फेरी चुकली किंवा बंद असली तर काय होते ते पाहा. दाभोळहून समोर धोपावे दिसते. खाडी काही मिनिटांत ओलांडून होते. पण फेरी नसेल तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो, तोही घाटवळणांचा. मोटारहोमसारख्या जड गाडीला यात अर्धा दिवस जातो. म्हणून प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी जेटीवर फोन करून वेळापत्रक विचारावे आणि आपल्या गाडीची लांबी, उंची व वजन सांगून ती घेतील का ते पक्के करावे.

चांद पाहून तारीख ठरवा

फेरीबोटीची पुढची लोखंडी फळी जेटीच्या उतारावर टेकते आणि तिच्यावरून गाड्या आत जातात. भरतीला पाणी वर असते, फळी जवळपास सपाट राहते. मोठ्या ओहोटीला पाणी खाली जाते, जेटीचा निसरडा भाग उघडा पडतो आणि चढ-उतार तीव्र होतो. मोटरसायकल किंवा लहान मोटार निघून जाते. मोटारहोमचे तसे नाही. मागच्या चाकांमागे तिचा बराच भाग लोंबत असतो, आणि पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ बहुधा त्याच भागात खाली बसवलेले असतात. उतारावर तो भाग जमिनीला घासला तर नळ तुटतो आणि सगळ्या सहलीवर पाणी फिरते.

किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ काढायला एक सोपा हिशेब वापरतात. तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो साधारण भरतीचा तास. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो. भरतीनंतर सहा तासांच्या सुमारास ओहोटी येते, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त असतो, अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी.

आपल्या घरात चांदची तारीख पाहण्याची सवय असतेच. ती तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तेव्हा चांदची चौथी किंवा एकोणिसावी तारीख पाहून घरातून निघावे. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी चारही फेऱ्या येतात, आणि हे दिवस अष्टमीच्या आसपास पडतात. पाणी फार उतरत नाही आणि गाडी सुखाने चढते. हॉटेलात राहणाऱ्या प्रवाशाला हा विचार करावा लागत नाही. चाकांवर घर घेऊन निघणाऱ्याने तो केलाच पाहिजे.

मोसमाचेही तसेच. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, फेऱ्या कमी होतात किंवा बंद पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गणेशोत्सव, शिमगा आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत कोकणचे रस्ते आणि जेट्या माणसांनी भरून जातात.

बारा दिवसांचा आराखडा

मोटारहोम ताशी साठ-सत्तरने पळू शकते, पण घाट आणि गावे धरून सरासरी पस्तीस-चाळीसच मानावी. पहिल्या दिवशी अहिल्यानगर, पुणेमार्गे लोणावळ्याच्या आसपास मुक्काम. दुसऱ्या दिवशी खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड. मुरूडसमोर पाण्यात जंजिरा उभा आहे. आपले शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर हबशी होता आणि जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. ही आठवण मुलांना तिथे सांगण्यासारखी आहे.

तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला इतका लागून जातो की सबंध प्रवासात तो आठवणीत राहील. चौथ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वी आणि पुढे आंजर्ले, हर्णै, दापोली. पाचव्या दिवशी दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ दख्खनचे मोठे बंदर होते. तिथली शाही मशीद आजही पाहायला मिळते. धोपाव्याला उतरून गुहागरला मुक्काम. सहाव्या दिवशी हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा चढउताराचा रस्ता घेऊन रत्नागिरी.

सातवा दिवस विश्रांतीचा ठेवावा. कपडे धुवायचे, टाक्या रिकाम्या करून भरायच्या, गाडी गोड्या पाण्याने खालून-वरून धुवायची. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते, ही काळजी भाड्याच्या गाडीचीही घ्यावी. आठव्या दिवशी पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. नवव्या दिवशी कुणकेश्वर, आचरा, मालवण. दहाव्या दिवशी परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. अकराव्या आणि बाराव्या दिवशी आंबोली घाट चढून कोल्हापूर, पुणे आणि घर. सारा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा होतो.

कोकणातल्या वाड्यांतून जाणारे रस्ते अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर फणस-आंब्याच्या फांद्या आणि खाली आलेल्या विजेच्या तारा. गाडीची उंची फूट-इंचात लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवावी. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचावे. वाळूवर गाडी नेऊ नये, चाके रुतली की भरतीचे पाणी कोणाची वाट पाहत नाही.

पाणी, वीज आणि गॅस

चाकांवरच्या घराची खरी मर्यादा डिझेल नसून पाणी आहे. पाच माणसे काटकसरीने वागली तरी माणशी वीस-पंचवीस लिटर धरून दिवसाला शंभर ते सव्वाशे लिटर पाणी लागते. वजूसाठी नळ सोडून ठेवायची सवय असेल तर टाकी दुपारीच संपेल, म्हणून लोटा बरोबर घ्यावा. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन, हेही विसरू नये. टाकी मुक्काम सोडतानाच भरावी.

विजेचे गणित बहुतेकांना फसवते. बारा व्होल्टच्या दीडशे अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर पावणेदोन युनिटच्या आसपास वीज असते, आणि साध्या ॲसिड बॅटरीतून तिची निम्मीच वापरावी. दिवे, पंखे, मोबाइल यांना ती पुरते. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर मुक्कामाच्या जागी पंधरा अँपिअरचे चांगले कनेक्शन पाहिजे. ते आधी विचारून घ्यावे.

गॅसची लहान टाकी चालत्या गाडीत बंद ठेवावी. स्वयंपाक करताना खिडकी उघडी असावी. बंद गाडीत शेगडी किंवा जनरेटर चालू ठेवून झोपणे जिवावर बेतते, कारण जळक्या वायूला वास नसतो. सांडपाणी आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची हे मुक्काम ठरवतानाच ठरवावे. खाडीत किंवा रस्त्याकडेला ती सोडणे गुन्हाही आहे आणि ज्या गावाने आपल्याला जागा दिली त्याच्याशी बेइमानीही. न्यूझीलंडमध्ये अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक करून गाडीत पक्का संडास असण्याची अट घालण्यात आली. तिथल्या लोकांना घाणीचा अनुभव आल्यावर हे करावे लागले. आपण तो अनुभव येण्याची वाट का पाहावी?

स्वस्त पडते का?

आता खर्च. खालचे आकडे बाजारभाव म्हणून न घेता हिशेबाची रीत म्हणून घ्यावेत. आपापले दर मिळाले की तेच त्यात बसवावेत. पाच माणसे, बारा दिवस, अकरा रात्री आणि १,५५० किलोमीटर धरू.

समजा मोटारहोमचे भाडे दिवसाला ९,००० रुपये. बारा दिवसांचे १,०८,००० झाले. लिटरला नऊ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर १५,५००. मुक्कामाच्या जागेचे रात्रीला ८०० प्रमाणे ८,८००. गाडीत शिजवून खाल्ले तर दिवसाला १,००० प्रमाणे १२,०००. एकूण १,४४,३००.

आता दुसरी बाजू. हॉटेलच्या तीन खोल्या, प्रत्येकी २,५०० प्रमाणे अकरा रात्रींचे ८२,५००. ड्रायव्हरसह मोठी मोटार, किलोमीटरला १६ रुपये प्रमाणे २४,८००. बाहेरचे जेवण माणशी ५०० प्रमाणे ३०,०००. एकूण १,३७,३००.

म्हणजे मोटारहोम सात हजारांनी महाग पडली. दर थोडे इकडेतिकडे झाले की पारडे फिरेल, पण मोठी बचत होत नाही हे स्पष्ट आहे. मग लोक ती का घेतात? आमच्या घरचे उदाहरण सांगतो. आमच्या अम्मींचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे धरलेले, दर दीड-दोन तासांनी संडासची सोय लागते आणि ती खुर्चीचीच लागते. रस्त्यावरच्या ढाब्याच्या भीतीने त्या निघण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणे कमी करतात. समुद्र त्यांनी एकदाच, हजला जाताना विमानाच्या खिडकीतून पाहिला. अशा माणसाला बारा दिवस किनाऱ्याने न्यायचे असेल तर सात हजारांची किंमत काय आहे ते प्रत्येक घराने आपापले ठरवावे. तरुण जोडप्याला मात्र हॉटेलच परवडेल.

विकत घ्यायची तर

धंदा म्हणून गाडी विकत घेण्याचा हिशेब वेगळा आहे. समजा गाडी तयार होऊन ३० लाखांना पडली आणि दहा वर्षांत तिची किंमत संपली, तर वर्षाला ३ लाख गेले. विमा, कर, दुरुस्ती १ लाख. ड्रायव्हर २ लाख ४० हजार. गाडी उभी असली तरी वर्षाचा खर्च ६ लाख ४० हजार. ती वर्षात ६० दिवस भाड्याने गेली तर दिवसाचा खर्च १०,६६७ रुपये येतो आणि वर मानलेल्या ९,००० च्या भाड्यात तोटाच आहे. १२० दिवस गेली तर खर्च ५,३३३ वर उतरतो आणि नफा दिसू लागतो. सारा प्रश्न दिवसांचा आहे. किनाऱ्याचे चार महिने पावसात जातात, उरलेल्यांत सुट्ट्या आणि शनिवार-रविवार तेवढे चालतात. फक्त कोकणच्या भरवशावर १२० दिवस गाठणे कठीण आहे. वेरूळ-अजिंठ्याचा मोसम ऑक्टोबर ते मार्चचा आहे. तो प्रवासीही मिळवता आला तरच आकडा जमेल.

कायद्याची बाजू तितकीच महत्त्वाची. जुना टेम्पो घेऊन गॅरेजमध्ये पलंग-शेगडी बसवली म्हणजे मोटारहोम झाली, असे समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले आहे. मोटार कॅरव्हानसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. आर.सी. बुकावर गाडीची जी जात लिहिली आहे तीच विम्याला दिसते. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर दुकान विकूनही भरपाई होणार नाही. भाड्याने घेणाऱ्यानेही नंबरप्लेट पाहावी. ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असते, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने घेऊ नये. लायसन्सची अडचण मात्र कमी झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण ७,५०० किलोंपर्यंतचे व्यापारी वाहनही चालवता येते.

थोड्या भांडवलाचे मार्ग

गाडीतच पैसा घालावा असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यात गाड्यांबरोबर त्यांच्या मुक्कामाच्या जागांनाही, म्हणजे कॅरव्हान पार्कनाही, स्थान दिले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते आणि कर-शुल्कात सवलतीही ठेवल्या आहेत. ज्यांची खुलताबाद, वेरूळ किंवा पैठण रस्त्याला जमीन पडून आहे त्यांनी हा विचार करावा. सपाट पक्की जागा, गोडे पाणी, पंधरा अँपिअरची वीज, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि रात्रीचा पहारा एवढ्यावर सुरुवात होते. जमीन दहा वर्षांत झिजत नाही, गाडी झिजते.

आमच्या कापडवाल्यांसाठीही यात काम आहे. अशा गाडीला पडदे, गाद्या, उशा, सीटकव्हर, चादरी लागतात आणि ते सर्व इंचाइंचाने मापून शिवावे लागते. किनाऱ्याच्या दमट हवेत शुद्ध सुती चादर लवकर वाळत नाही, तिला बुरशीचा वास येतो. तिथे मिश्र धाग्याचे कापड चालते. पडदा ऊन पूर्ण अडवणारा पाहिजे आणि शेगडीजवळचे कापड लवकर पेट न घेणारे पाहिजे. ही माहिती ज्याला आहे आणि ज्याच्याकडे चार चांगले कारागीर आहेत, त्याने गाड्या बनवणाऱ्यांकडे नमुने घेऊन जावे. उधारीचा काळ आधी ठरवून घ्यावा म्हणजे झाले.

सांगायचे तात्पर्य असे की, आधी एकदा गाडी भाड्याने घेऊन घरच्यांसह किनारा फिरून यावा. पाणी किती लागले, वीज किती पुरली, कुठल्या जेटीवर किती वेळ गेला, कुठे उभे राहायला जागा मिळाली नाही, हे रोज रात्री वहीत लिहावे. बारा दिवसांनी त्या वहीत जे दिसेल ते कोणत्याही विक्रेत्याच्या रंगीत कागदापेक्षा अधिक भरवशाचे असेल. धंद्यात पडायचे की नाही, ते त्या वहीवरून ठरवावे.